पहिलं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

लेकरा, नेमबाजी शिकायची म्हणून तू थेट 'निर्भीक' घ्यायला निघालास, पण थोडं थांब. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यातून आलेलं हे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं. ते पर्समध्ये बाळगायला सोयीचं, पण टार्गेटवर हलकं हत्यार हातात उसळतं. नवशिक्या मग धक्क्याच्या धास्तीनं चाप झटक्यात ओढतो, आणि ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

शिवाय गोळीवर आदळणारी मागची हातोडी आधी अंगठ्यानं न ओढता झाडलंस, तर त्याच एका चापानं हातोडीही उचलायची आणि गोळ्यांचं चक्रही फिरवायचं. चाप इतका जड की नळी हलतेच. १० मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत चाप ओढायला लागणारं किमान वजन फक्त ५०० ग्रॅम असतं, यावरून फरक ओळख.

म्हणून पहिलं वर्ष ४.५ मिमीचं एअर पिस्तूलच धर. तेही दाबलेल्या हवेवरचं. कार्बन डायऑक्साइडवरचं स्वस्त पडतं, पण आपल्याकडे वैशाखात पत्र्याच्या शेडखाली त्या गॅसचा दाब वाढतो, सकाळी नीट बसणारी गोळी दुपारी वर जाते आणि तू उगाच स्वतःला दोष देत बसतोस.

मूठ मात्र स्वतः धरून बघ, दुसऱ्याच्या हातावर जाऊ नको. डोळे मिटून हात उचल, मग डोळे उघड. नळीवरची नेम धरायची साइट सरळ दिसली, तर ती मूठ तुझी. छत्रपती संभाजीनगरला येशील तेव्हा माझं पिस्तूल हाताळून बघ, संकोच करू नको.