स्थलांतरित मजुरांवरचं संशोधन त्यांनीच केलं तर वेगळं काय हाती लागतं?

प्रश्नच बदलतात. बीडच्या ऊसतोडीचं बघा. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी साधारण १३,८०० जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा मोठाच, पण त्यामागचं कारण फॉर्मात कुठून येणार? फडात कोयता चालवलेली बाई दुसरीला विचारते तेव्हा खाड्याचा विषय निघतो: पाळीत एक दिवस बुडाला की मुकादम (मजुरांच्या टोळीचा ठेकेदार) पैसे कापतो, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, तर नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली! कोपीजवळ, म्हणजे मजुरांच्या झोपडीजवळ, मोरी आहे का, हेही तीच विचारणार. मात्र माहिती त्यांनी गोळा करायची आणि निष्कर्ष पुण्या-मुंबईत बसून लिहायचे, तर ती फुकटची मजुरी झाली. आणि हो, मुलाखती मुकादमासमोर नकोतच. हंगाम संपून लोक गावी परतले की घ्या.