गरोदरपण, बाळंतपण आणि आईपण यांबद्दल तत्त्वज्ञान काय सांगतं? 'आई झाल्याशिवाय बाई अपूर्ण' याला काही तात्त्विक आधार आहे का?

अजिबात नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारने १९४९ सालीच ठणकावून सांगितलंय की मातृत्वाची म्हणून काही उपजत प्रेरणा नसते, त्या बाईची परिस्थिती काय आणि ती तिच्याकडे कशी बघते यावर सगळं ठरतं. तो भाग माझ्यापुरता तिथेच संपला. पण तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वाचला आणि बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली, म्हणून लिहायला बसले.

तत्त्वज्ञानातल्या एमएच्या शेवटच्या वर्षाला होते, सातवा महिना लागलेला. डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) विषय सांगायला गाइडच्या केबिनमध्ये गेले, कपाट आणि टेबलाच्या मधून नेहमीसारखी आत शिरायला गेले तर पोट टेबलाच्या कडेला आपटलं. डोक्यात अजून जुनंच माप होतं ना. नेमकं हेच आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईने लिहून ठेवलंय, की गरोदरपणात आपलं शरीर कुठे संपतं याचा अंदाजच चुकायला लागतो, आत जे हलतंय ते माझंच आहे आणि माझं नाहीही, मग 'मी' म्हणजे नक्की कुठपर्यंत? मला यावरच लिहायचं होतं. सरांनी कागद उलटूनसुद्धा बघितला नाही. म्हणाले, "हा बायकांचा खासगी अनुभव झाला, तत्त्वज्ञान सार्वत्रिक असतं. आधी सुखरूप मोकळी हो, मग बघू." मी गप्प बसले आणि शेवटी कान्ट या जर्मन तत्त्वज्ञावर लिहून दिलं.

राग याचा येतो की सॉक्रेटिसची आई सुईण होती हे आम्हाला याच सरांनी शिकवलं होतं. प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, मीपण सुईणीचंच काम करतो, फक्त बायकांचं नाही पुरुषांचं, शरीराचं नाही मनाचं. म्हणजे विचार जन्माला येताना कळा येतात ही उपमा चोवीसशे वर्षं चालते, पण खरोखर कळा देणारी बाई काही विचार करत असेल हे मात्र चालत नाही!

मुलगी वीस-बावीस दिवसांची असताना एकदा रात्री तीनला जी रडायला लागली ती थांबेचना. दूध पिऊन झालेलं, लंगोट कोरडा, मी तर स्वतःच रडायच्या बेतात. आई उठली, आधी पोट चाचपलं, मऊ लागलं तरी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं, जरा थांबून रडं ऐकत राहिली, मग म्हणाली, "हे पोटाचं रडं नाही, पोट दुखलं की पोर पाय पोटाशी घेते, ही एकच पाय झाडतेय." पायमोजा काढला तर आतला सुटलेला दोरा अंगठ्याला करकचून गुंडाळला गेला होता, अंगठा लालभडक. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे, हे न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, अनुमान आम्ही दोन वर्षं घोकलं. माझ्या सातवी शिकलेल्या आईने अंधारात वेगळं काय केलं?

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. सारा रडिक या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९८९ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मूल जगवायचं, वाढवायचं आणि चारचौघांत वावरेल असं घडवायचं, या तीन मागण्या सारख्या एकमेकींच्या आड येतात आणि त्या सांभाळताना एक वेगळीच विचारपद्धत तयार होते, असं त्यांचं म्हणणं. मला शंभर टक्के पटतं. आईपणाला देव्हाऱ्यात बसवायचं आणि तिच्या डोक्याला मात्र काही किंमत द्यायची नाही, हे आपल्याकडे घरोघरी चालतं.

हो, एक राहिलं, मूल झालं तरच हे कळतं असं मी म्हणत नाहीये. राजकीय विचारवंत हाना आरेंटला मूल नव्हतं, तरी माणूस जन्माला येतो म्हणजे जगात काहीतरी नवं सुरू होऊ शकतं, या गोष्टीला तिने आपल्या विचारात केवढी मोठी जागा दिली. आणि रडिकच्या मते हे काम पुरुषही करू शकतो, माझा नवरा करतो. ज्यांना मूल नकोच आहे त्यांना कुणी काही ऐकवायचं कारण नाही.

तुम्ही विद्यार्थी आहात का ते प्रश्नावरून कळत नाही. असाल आणि यावरच लिहायचं मनात असेल तर विषय बदलू नका. गाइड 'खासगी अनुभव' म्हणाले तर 'थिएटेटस'मधलं ते सुईणीचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा. माझ्या पिशवीत त्या दिवशी ते पुस्तक होतं, मी काढलं नाही.