१९ जूनची सुट्टी कशाची?

प्रश्न: मी हिंजवडीत आयटीत आहे, क्लायंट टेक्सासचा. १९ जूनला त्यांना सुट्टी असते, गुलामगिरी संपल्याचा दिवस म्हणून. पण ती संपून दीडशे वर्षं झाल्यावर सरकारी सुट्टी कशाला? आणि आपण त्यांना काही बोलायचं का?
– एक वाचक, वाकड

उत्तर: आधी तारखेचं सांगतो. लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ ला लागू केला, पण टेक्सास गृहयुद्धात त्याच्याविरुद्ध उठलेल्या बंडखोर राज्यांत, तिथे तो अमलात आणायला त्याची फौजच नव्हती, त्यामुळे मालक लोक खुशाल गुलाम राबवत राहिले. शेवटी १९ जून १८६५ ला लिंकनच्या बाजूच्या फौजेतल्या जनरल ग्रेंजरने टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला हुकूम काढला, सगळे गुलाम मुक्त. म्हणजे कागदावर सुटलेली माणसं अडीच वर्षं फुकट राबत होती! आणि त्याच हुकमात वर सल्ला, की आहात तिथेच गुपचूप राहा आणि मजुरीवर काम करा. मला हे वाचून आजही संताप येतो.

लोक १८६६ पासून हा दिवस पाळतायत, टेक्सासची सुट्टी १९८० पासून, अख्ख्या देशाची थेट २०२१ ला. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या ओपल ली बाई त्यासाठी नव्वदीला टेकलेल्या असताना वॉशिंग्टनसाठी पायी निघाल्या होत्या, बायडेनने सही केली तेव्हा तिथे हजर होत्या. अहो, अमेरिकेचं ४ जुलैचं स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा या कृष्णवर्णीयांचे पूर्वज गुलामच होते, मग त्यांच्या सुटकेची तारीख देशाच्या कॅलेंडरवर नको? आपापल्या गल्लीत साजरी करणं वेगळं आणि सरकारने स्वतःची ऑफिसं बंद ठेवून मान्य करणं वेगळं. (खासगी कंपन्यांना मात्र सक्ती नाही, तुमच्या क्लायंटने स्वतःहून दिलीय.)

आणि पुणेकरांना तर हे परकं वाटायलाच नको. पेशवाईत इथेही कुणबिणी-बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकल्या जायच्या. पुढे जोतिराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' काढली ती अर्पण केली अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांच्या सुटकेसाठी ते झटले म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. गॅल्व्हस्टनच्या हुकमाला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती.

तर बोला की बिनधास्त. नुसता फुलांचा फोटो पाठवण्यापेक्षा टीमला ती अर्पणपत्रिकाच पाठवा, मूळ इंग्रजीतच आहे.