ठेव मोडून जादूगारांची जुनी हँडबिलं घ्यावीत का?

प्रश्न : वय 63. सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होतो, पेन्शन नावापुरती. अडीच वर्षांपूर्वी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 6 लाख ठेवले, त्याचं व्याज घरखर्चाला येतं. बँकेत 2 लाख 75 हजारांची एफडी आहे. लहानपणी वडील संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत जादूचे खेळ बघायला न्यायचे, तेव्हापासून जादूच्या प्रयोगांची तिकिटं आणि हँडबिलं जमवतो. आता एका संग्राहकाच्या वारसांकडे ट्रंकभर माल आहे : मराठी, हिंदी, तेलुगू हँडबिलं, कार्यक्रमपत्रिका आणि हूदिनीसह परदेशी जादूगारांची सात पोस्टर्स. सगळं मिळून 6 लाख, रोख. मध्यस्थ म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट होतील, परदेशी लिलावात पाठवू. पोस्टातली ठेव मोडू का? पत्नीचा विरोध आहे.

उत्तर : ठेव मोडू नका. पण ट्रंककडे पाठही फिरवू नका. त्यातला एक भाग तुम्ही घ्यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी ठेवीचं बघू. तुमच्या खात्याला 8.2 टक्के दर पाच वर्षांसाठी पक्का आहे. 6 लाखांवर तिमाहीला 12,300 रुपये, म्हणजे महिन्याला 4,100. घरखर्चाला हेच येतं, असं तुम्हीच लिहिलंय. दोन वर्षं उलटल्यावर खातं मोडलं तर एक टक्का, म्हणजे 6,000 रुपये कापले जातील. ते एकदाच जातील, पण 4,100 दर महिन्याला जातील आणि ट्रंक त्यातला एक रुपयाही देणार नाही. वहिनींचा विरोध याच हिशेबावर उभा असेल, तर तो रास्त आहे.

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 15 टक्के. असा परतावा कोण देणार? जादूची जुनी पोस्टर्स विकत घेणारे जगात आहेत, शिकागोत तर या विषयाचे खास लिलाव होतात. पण भारतातल्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हूदिनी 1926 साली गेला. त्याची पोस्टर्स अस्सल असतील तर जवळपास सगळी त्या बंदीत येतात, आणि अस्सल नसतील तर लिलावाचा प्रश्नच मिटला. त्याच्या पोस्टर्सच्या नकला ढिगाने छापल्या गेल्या आहेत. भिंग घेऊन जा. रंगांत बारीक ठिपक्यांची फुलांसारखी नियमित जाळी दिसली, तर ती नंतरची ऑफसेट छपाई. त्या काळचं काम दगडी छापाचं, त्यात रंग सलग किंवा ओबडधोबड दाणेदार दिसतो. ही सात पोस्टर्स मी सोडून दिली असती. रोखीचंही तसंच : एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रक्कम रोख घेणं कायद्याला मंजूर नाही. रोखीचाच हट्ट असेल, तर तिथेच थांबा.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लांबवतोय ते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक गुलाबी हँडबिल आहे. पातळ कागद, मागून बघितलं तर छपाईच्या खिळ्यांचा दाब उमटलेला, खाली ‘रविवार ता. 18 जानेवारी’ आणि दर आण्यांत. वर्ष कुठेच नाही, पण त्याचा अंदाज बांधता येतो. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. 18 जानेवारीला रविवार 1942, 1948, 1953 आणि 1959 साली होता. आणे असल्यामुळे 1959 बहुतेक बाद. म्हणजे गड्डा नुकताच भरलेला असताना होम मैदानाच्या गर्दीत वाटलेला हा कागद आहे. असे कागद लोक त्याच रात्री फेकून देतात, म्हणून तर ते उरत नाहीत. हूदिनीचं पोस्टर जगात कुठेतरी जपलेलं असणारच. त्याचा संग्रहही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. सोलापुरातल्या या खेळाची आठवण सांगायला कदाचित हा एकच तुकडा शिल्लक असेल.

नावांवर मात्र भाळू नका. जादूगार पी. सी. सरकार 1971 साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच वारले आणि त्यांचा ‘इंद्रजाल’ हा प्रयोग मुलांनी पुढे चालवला. पुण्याचे जादूगार रघुवीर 1984 मध्ये गेले, त्यांच्याही पुढच्या पिढ्यांनी खेळ चालू ठेवले. वर्षाचा पत्ता नसलेलं हँडबिल वडिलांचं की मुलाचं, हे ठरल्याशिवाय जास्त पैसे मोजू नका. तिकिटाचे दर आणि फोन नंबरातले आकडे बघितले की बहुतेक वेळा उलगडा होतो.

पैसे एफडीतून काढा. 2 लाखांना हात लावू नका, ते आजारपणासाठी. राहिलेल्या 75 हजारांपैकी खरेदीला जास्तीत जास्त 55 हजार आणि 20 हजार जपणुकीला. जपणुकीचे पैसे आधी बाजूला काढा, कारण संग्राहक नेमके इथेच चुकतात. तुमच्या घरावर पत्रे आहेत. मे महिन्यात माळ्यावर ठेवलेला स्वस्त कागद तापून ठिसूळ होतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि मग कसर लागते. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता लोखंडी कपाट ठेवा. कागदांना आम्लविरहित फोल्डर आणि पॉलिएस्टरची पाकिटं. बाजारातले पीव्हीसीचे अल्बम नकोत, ते कागदाला चिकटतात. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढा. सेलोटेप कधीच लावू नका आणि लॅमिनेशनचा तर विचारही नको, ते केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. घेतल्या घेतल्या प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि फाइल्सची एक प्रत मुलाकडे ठेवा.

हे 75 हजार खर्च झाले असं समजा. गुंतवणुकीच्या वहीत ते लिहू नका. पुढे दोन पैसे आले तर आले, त्यावर घराचा हिशेब बांधायचा नाही.

वारसांना म्हणा, सोलापूर आणि आसपासच्या गावांची हँडबिलं, तिकिटं आणि पत्रिका मला वेगळ्या द्या, पोस्टर्स तुम्ही हव्या त्या गिऱ्हाइकाला विका. ते ‘सगळं किंवा काहीच नाही’ म्हणतील. मग आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. मध्यस्थाला बाजूला ठेवून थेट बोला, पैसे बँकेतून द्या आणि पावतीवर हा माल कोणाच्या संग्रहातून आला ते त्यांच्याकडून लिहून घ्या. शिवाय तुमच्या मृत्युपत्रात या संग्रहाचा वेगळा उल्लेख हवा : मुलाला नको असेल तर कोणत्या ग्रंथालयाला विचारायचं, हे नावासकट. ते ग्रंथालय घेणार का आणि कशा अवस्थेत घेणार, हे तुम्ही हयात असतानाच तिथे जाऊन विचारून या.