पवनचक्कीमुळं ट्यूब लपलपते का हो?

प्रश्न: अक्कलकोट रोडला आमचा कारखाना आहे, सोळा माग. संध्याकाळी ट्यूब लपलपते. शेजारचे म्हणतात धाराशिवकडं पवनचक्क्या झाल्यात, त्यांची कच्ची लाईट आपल्याकडं येते. वायरमन म्हणतो, लाईन जरा बसली की चक्क्या पळून जातात. खरं काय?

उत्तर: मालक, कच्ची लाईट पक्की लाईट असं काय नसतंय ओ. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेच्या लाईनींचं जाळं, बाकी देशाशी एका तालात आलं, आपल्या दारातच झालंय ते, तेव्हापासून तमिळनाडूची चक्की न तुमचा माग एकाच 50 हर्ट्झवर चालतात, त्यात कुणाची वीज कुठली ते कोण ओळखणार?

शेजाऱ्यांचं अगदीच चूक नाही पण. जुन्या चक्कीत साधा इंडक्शन जनरेटर, म्हणजे तुमच्या मागाच्या मोटरचा थोरला भाऊच, वीज द्यायचा पण रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (आतलं चुंबक उभं करायला लागणारी वीज) लाईनीतनंच ओढायचा, मग जवळपासचं व्होल्टेज बसायचं, शिवाय वारं कमी-जास्त झालं की फ्लिकर, म्हणजे दिव्याची लपलप. आता मधी कन्व्हर्टर, म्हणजे वीज लाईनीजोगी करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, ते हे सांभाळतं, मात्र हार्मोनिक्स, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या लहरी, सोडतं, म्हणून त्यालाही मर्यादा घातलीय. पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला कामाचा वाटा, 0.95 लॅग (करंट व्होल्टेजच्या मागं) ते 0.95 लीड (करंट पुढं) ठेवता आला पाहिजे, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम सांगतात.

वायरमनचं म्हणणं जुन्या काळाचं. पूर्वी व्होल्टेज पडलं की चक्की सुटायची, दोन-चार सुटल्या तर ठीक, पण कुठंतरी फॉल्ट झाला न शेकडो मेगावॅट एकदम गेले तर फ्रिक्वेन्सीच, म्हणजे तो 50 हर्ट्झचा तालच, घसरते. म्हणून प्राधिकरणाच्या नियमांच्या 2013 च्या दुरुस्तीत एलव्हीआरटी (लो व्होल्टेज राइड थ्रू, म्हणजे व्होल्टेज पडलं तरी टिकून राहणं) आलं. 66 केव्ही किंवा वरच्या लाईनीला जोडलेल्या नव्या चक्कीनं व्होल्टेज 15 टक्क्यांवर आलं तरी 300 मिलिसेकंद जागा सोडायची नाही. 132 केव्हीच्या लाईनीवर 20 केव्हीसुद्धा उरत नाही, तरी सुटायचं नाही! मला तर हा नियम सगळ्यात शहाणा वाटतो.

तुमची ट्यूब मात्र घरच्याच कारणानं लपलपत असणार. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. एक दिवस संध्याकाळी सगळे माग बंद ठेवून बघा, ट्यूब शांत राहिली तर माग एकदम नका लावू, एकेक लावा, कपॅसिटर फुगलेत का तेही बघा. तरीही लपलपली तर वायरमनला आधी न्यूट्रलचा जोड तपासायला लावा.