लिंक पाठवली, पण कुणी उघडलीच नाही

प्रश्न: आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत एकत्र कुटुंबात राहतो. धाकट्या भावाचं लग्न डिसेंबरात आहे. खर्चासाठी मी बारा रकान्यांची गुगल शीट केली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. तीन आठवड्यांत कुणी एक ओळ भरली नाही. बाबांचं सगळं डायरीत, काकांचं डोक्यात. परवा मंडपवाल्याला दोघांनीही दहा-दहा हजार ॲडव्हान्स दिला. काका म्हणतात, "कशाला डोक्याला ताप?" फार एकटं वाटतं. – थोरली लेक

उत्तर: काकांनी लिंक उघडलीच नाही, असं धरून चालू नकोस. नवी शीट आपोआप 'रिस्ट्रिक्टेड' असते, म्हणजे परवानगी दिलेल्यांनाच उघडते. नुसती लिंक कॉपी करून टाकली की समोरच्याला परवानगी मागणारं इंग्रजी पान दिसतं. "मला जमलं नाही" असं पुतणीला सांगण्यापेक्षा "कशाला ताप" म्हणणं मोठ्या माणसाला सोपं जातं. ते मनाला लावून घेऊ नकोस, आधी शेअरिंग तपास.

'शेअर' दाबून बाबा, काका आणि भावाचे जीमेल पत्ते घाल आणि त्यांना 'एडिटर' कर, म्हणजे त्यांना शीटमध्ये लिहिता येईल. पत्ता कुणालाच आठवणार नाही, कारण खातं बहुतेक वेळा मोबाईल घेताना दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं असतं. ॲंड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की पत्ता दिसतो. लिंक असेल त्या प्रत्येकाला शीट उघडता येईल, ही सोय मात्र घेऊ नकोस. फिरत फिरत ती व्याह्यांच्या ग्रुपवर पोचली तर कुणाला किती दिले ते सगळे वाचतील. पाहुण्यांची यादी मामा-आत्यांकडून भरून घ्यायची असेल तर वेगळी फाइल कर. त्याच फाइलीत दुसरं पान जोडून भागत नाही. परवानगी अख्ख्या फाइलीला मिळते आणि लपवलेलं पान एडिटरला उघडता येतं.

आता त्या बारा रकान्यांबद्दल. मोबाईलच्या पडद्यावर ते मावत नाहीत, बोटानं सरकवता सरकवता माणूस वैतागतो. पाच ठेव: तारीख, कुणाला, रक्कम, कुणी दिली, बाकी. आणि सध्या फक्त ॲडव्हान्सच लिहा, कारण घराला दुखलंय ते तिथं. मंडपवाल्याशी बोलून जादाचे दहा हजार शेवटच्या बिलात वळते करून घ्या आणि तीच पहिली नोंद करा.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. शीटचं 'लोकेल', म्हणजे तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायच्या ते, अमेरिकेचं असेल तर ५/१२ ची १२ मे होते आणि २५/१२ नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. कॉम्प्युटरवर फाइल, मग सेटिंग्ज, तिथं लोकेल 'इंडिया' कर. दुसरं, कुणी "१०००० रु. रोख" असं लिहिलं की बेरजेत ती रक्कम धरलीच जात नाही. रकमेच्या रकान्यात फक्त आकडा.

ज्यांना टाइप करायचा कंटाळा, त्यांच्या जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा घालून माइक दाखवून दे; नावं बोलून लिहिता येतात. फोनवरच्या गुगल ड्राइव्ह ॲपमध्ये फाइलीशेजारच्या तीन ठिपक्यांतून शीट होम स्क्रीनवर आणून ठेव, नाहीतर ग्रुपवरच्या शुभ सकाळच्या गर्दीत लिंक शोधायची कुणी?

काकांची खरी भीती वेगळी असू शकते: "माझ्या हातनं सगळं पुसलं गेलं तर?" त्यांच्यासमोर मुद्दाम एक ओळ पुसून परत आणून दाखव. कॉम्प्युटरवर 'व्हर्जन हिस्टरी'त जुनी शीट मिळते. पण जुनी आवृत्ती पूर्ववत केली की मधल्या वेळेत इतरांनी भरलेलंही मागं जातं. एखादीच ओळ हवी असेल तर तेवढी बघून पुन्हा लिही.

बाबांची डायरी बंद करायला सांगू नकोस. रोज रात्री त्या पानाचा फोटो ते तुला पाठवतील, नोंद तू करशील, एवढंच ठरव. त्यांच्याकडून फक्त शीट वाचायची सवय हवी. देण्याआधी 'बाकी' बघितली की पैसे दोनदा जात नाहीत.

काकांची सुरुवात बस्त्याच्या दिवशी कर. महाद्वार रोडवर कापडाचा ॲडव्हान्स दिला की दुकानातच काकांना त्यांच्या फोनवर नोंद करू दे. वेळ लागला तरी फोन हातातून घेऊ नकोस. बाबांना त्याच वेळी घरी शीट उघडून बसायला सांग. काकांनी भरलेला आकडा त्यांच्यासमोर आपोआप उमटेल, मग ते काकांनाच फोन करतील.