वाचकांचे प्रश्न : चंदनाचा सुगंध संध्याकाळपर्यंत टिकावा, यासाठी

प्रश्न : माझे आजोबा रोज सकाळी सहाणेवर चंदन उगाळून पूजा करीत आणि ते दुपारी जवळून गेले तरी तो मंद वास येत असे. तसाच सुगंध मला हवा आहे. मी बँकेत नोकरी करते आणि दिवसभर वातानुकूलित खोलीत बसते. गेल्या वर्षभरात मी ‘शुद्ध म्हैसूर चंदन’ असे लिहिलेले सहा मिलिलिटरचे अत्तर एकशे ऐंशी रुपयांना घेतले, एक महागडा परफ्यूम घेतला आणि एक डिओडरंटही घेतला. अत्तराचा वास पहिल्या अर्ध्या तासात नाकाला झोंबतो आणि नंतर नाहीसा होतो. परफ्यूम कपाटात छान वाटतो, पण अंगावर दहा मिनिटांतच येईनासा होतो. संध्याकाळपर्यंत टिकेल असे चंदन मिळते का, आणि ते ओळखायचे कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात खरे तर दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अत्तराचा वास जातो ही एक आणि परफ्यूमचा वास ‘येईनासा होतो’ ही दुसरी. त्यांची कारणे निराळी असल्यामुळे त्या वेगळ्या ठेवूनच पाहाव्या लागतील.

आधी परफ्यूमचे पाहू. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते. स्वयंपाकघरात फोडणी देणाऱ्या माणसाला काही वेळाने फोडणीचा वास जाणवत नाही, पण दारातून आत येणाऱ्याला मात्र तो लगेच जाणवतो, तसाच हा प्रकार आहे. चंदनाच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण त्याचा सुगंध सौम्य, एकसारखा आणि फारशी वळणे न घेणारा असतो. तुम्ही परफ्यूम मनगटावर आणि गळ्याशी लावत असाल तर तो दिवसभर तुमच्या नाकाखालीच असतो. तेव्हा तो बदलण्यापूर्वी एक प्रयोग करावा. एके दिवशी तो कोपराच्या आतल्या बाजूस किंवा मानेच्या मागे लावावा, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर मोकळ्या हवेत पाच मिनिटे उभे राहून मग कोपर नाकाशी न्यावे. शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीला विचारले तर अधिकच चांगले. मला येणाऱ्या अशा तक्रारींपैकी निम्म्या तरी या प्रयोगानंतर मिटतात.

अत्तराची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे नाकापेक्षा हिशेब अधिक कामाला येतो. अस्सल चंदनतेलाचा भाव आज किलोला लाखाच्या वर आहे. भाव नेमका लाख धरला तरी एका ग्रॅमला शंभर रुपये होतात, म्हणजे तुमच्या सहा मिलिलिटरच्या कुपीतील तेलाचेच जवळजवळ सहाशे रुपये व्हायला हवेत. त्यावर काच, बूच, वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा असतो. एकशे ऐंशी रुपयांत ते बसत नाही. या किमतीच्या कुपीत सहसा लिक्विड पॅराफिन किंवा थॅलेट वर्गातील बिनवासाचे द्रावण असते आणि त्यात थोडासा कृत्रिम चंदनगंध मिसळलेला असतो. सुरुवातीला झोंबणारा वास त्या मिश्रणाचा असतो. चंदनतेल सुरुवातीलाच झोंबत नाही. पहिल्या क्षणी ते इतके मवाळ वाटते की नवखा ग्राहक ‘याला वासच नाही’ म्हणून कुपी परत ठेवतो.

हा मवाळपणा आणि टिकाऊपणा एकाच कारणातून येतात, हे समजून घेतले तर पुढची निवड सोपी होते. चंदनतेलाचा मुख्य घटक सॅन्टॅलोल हा आहे. त्याचे आल्फा आणि बीटा असे दोन प्रमुख प्रकार असतात, आणि भारतीय चंदनाच्या तेलासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आल्फा-सॅन्टॅलोल ४१ ते ५५ टक्के, तर बीटा-सॅन्टॅलोल १६ ते २४ टक्के असावे लागते. हे रेणू जड असतात आणि सॅन्टॅलोलचा उत्कलनबिंदू तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. लिंबाचे किंवा संत्र्याचे तेल भराभर उडते म्हणून ते दुरून जाणवते आणि लवकर संपते. चंदन हळूहळू उडते, त्यामुळे ते खूप वेळ टिकते, पण एका वेळी हवेत थोडेच जाते. म्हणून ‘टिकणारे’ आणि ‘दुरून दरवळणारे’ या दोन अपेक्षा वेगळ्या आहेत, आणि अस्सल चंदन त्यांपैकी पहिलीच पूर्ण करते. आजोबांचा वास तुम्हांला जवळून गेल्यावर येत असे, हे तुमच्या पत्रातच आहे. खोलीभर दरवळणारे चंदन हवे असेल तर ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेतील चंदन असते. त्याविषयी दुसऱ्या पत्राच्या उत्तरात लिहितो.

आता लेबलाविषयी. ‘म्हैसूर’ या शब्दावर फार विसंबू नये. त्या नावाला मोठा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाच्या लाकडाची युरोपकडे जाणारी निर्यात अडली, तेव्हा महाराजा कृष्णराज वाडियार चौथे यांच्या संस्थानात, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६ साली तेथे चंदनतेलाचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे ते नाव इतके रुजले की आज बाजारात ते उगमापेक्षा गंधाच्या धाटणीसाठीच अधिक वापरले जाते. त्याऐवजी लेबलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहावे. ‘सॅन्टॅलम आल्बम’ म्हणजे आपले भारतीय चंदन. ते आता भारताबाहेरही, विशेषतः पश्चिम ऑस्ट्रेलियातील कुनुनुर्रा भागात मोठ्या प्रमाणावर लावले जाते आणि जात एकच असल्यामुळे तेही विचारात घ्यायला हरकत नाही. ‘सॅन्टॅलम स्पिकॅटम’ ही मूळची ऑस्ट्रेलियातील जात आहे. तिच्यात सॅन्टॅलोल कमी असते आणि वास जरा कोरडा व लाकडी येतो. तीही चांगली असते, पण आजोबांच्या सहाणेची आठवण तिच्याने होणार नाही. ‘ॲमायरिस’ किंवा ‘वेस्ट इंडियन चंदन’ असे लिहिलेले असेल तर ते चंदनच नव्हे, लिंबाच्या कुळातील वेगळेच झाड आहे.

घरी पारखण्याची साधी रीत म्हणजे टिपकागदाची पट्टी. रात्री तिच्यावर एक थेंब टाकून सकाळी आणि पुन्हा दुसऱ्या रात्री वास घ्यावा. चांगले चंदनतेल पहिल्या मिनिटाला जसे असते, जवळजवळ तसेच दुसऱ्या दिवशीही असते : दुधाळ, किंचित तुपकट, कडा नसलेले. भेसळीचा वास मात्र पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि शेवटी पट्टीवर रॉकेलसारखी किंवा साबणासारखी कसर उरते. कागदावर तेलाचा डाग राहिला म्हणून भेसळ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. चंदनतेल स्वतःच इतके सावकाश उडते की त्याचाही डाग राहतो. रंगहीन स्पिरिटात थेंब टाकल्यावर तो विरघळला नाही किंवा गढूळ झाला तर पॅराफिनची शंका घ्यावी. पण तो विरघळला म्हणून तेल शुद्ध ठरत नाही, कारण थॅलेटही विरघळतात. खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतील तपासणी. मोठी रक्कम खर्च करणार असाल तर विक्रेत्याकडे त्या विशिष्ट घाण्याचा चाचणी-अहवाल मागावा. प्रामाणिक विक्रेता तो देतो, निदान प्रश्न ऐकून रागावत तरी नाही.

तुमच्यासाठी माझी सूचना अशी की अस्सल तेल एक-दोन मिलिलिटरच घ्यावे आणि ते लावण्याची पद्धत बदलावी. कोरड्या त्वचेत तेल लवकर मुरते, म्हणून आंघोळीनंतर बिनवासाचे मलम किंवा थोडे खोबरेल लावून त्यावर एक थेंब द्यावा. पण त्वचेपेक्षा कापूस आणि सुती कापड चंदन अधिक धरून ठेवतात. जुन्या लोकांनी कानाच्या पाळीवरील खळगीत अत्तराचा फाया ठेवण्याची रीत घातली, तिच्यामागे शोभेपेक्षा हेच व्यवहारज्ञान असावे. फायातील तेल त्वचेत मुरत नाही, कानाची ऊब त्याला सावकाश उडवत राहते आणि ते नाकाच्या अगदी समोर नसल्यामुळे नाकाला त्याची सवयही होत नाही. बँकेत फाया विचित्र वाटेल, हे मान्य. मग ब्लाउजच्या सुती अस्तराला किंवा वेणीच्या टोकाला एखादा थेंब लावावा. रेशमी साडीला थेट लावू नये, डाग पडतो आणि तो निघत नाही. प्रथम वापरताना हाताच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावे, कारण क्वचित कोणाला चंदनतेलानेही खाज सुटते. डिओडरंटमध्ये मुळात सुगंधी द्रव्याचे प्रमाण अल्प असते, त्यामुळे त्याच्याकडून दिवसभराची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

प्रश्न : एका मित्राच्या मते आजची सर्व टिकाऊ चंदन-अत्तरे रासायनिक असतात आणि ती विकणे ही फसवणूक आहे. हे खरे का? शिवाय मला आणि पत्नीला एकाच बाटलीतून वेगवेगळा अनुभव येतो. तिला तो वास असह्य तीव्र वाटतो आणि मला जवळजवळ काहीच येत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मित्राचे पहिले विधान बरेचसे खरे आहे, दुसरे मला पटत नाही. रासायनिक चंदनाला अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे, पण ते तयार करणे नव्हे.

झाडाच्या बाजूने विचार करून पाहावा. चंदनाचा सुगंध खोडाच्या आतील गाभ्यात आणि मुळांत असतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात तो नसतो. गाभा चांगला भरायला दशके लागतात, आणि मुळांतही तेल असल्यामुळे झाड केवळ तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. त्यातच हे झाड अर्धपरजीवी आहे. शेजारच्या तुरीच्या किंवा शिरीषाच्या मुळांना चिकटून ते काही अन्नपाणी घेते, त्यामुळे एकट्याने लावले तर नीट वाढत नाही. अशा झाडाची चोरटी तोड इतकी झाली की आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते असुरक्षित जातींमध्ये गणले जाते. साबण, उदबत्त्या आणि फवारे या सर्वांना पुरेल इतके चंदन जगात नाही.

म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी टर्पेंटाइनमधील आल्फा-पायनिनपासून सुरुवात करून चंदनासारखा वास देणारे अनेक रेणू घडवले. सँडलोर, इबॅनॉल, पॉलिसँटॉल आणि जावानॉल ही त्यांतील प्रसिद्ध नावे आहेत. ‘दिवसभर टिकणारा’ असा दावा करणाऱ्या परफ्यूममधील चंदन बहुधा यांपैकीच असते. जावानॉल तर इतके प्रभावी आहे की त्याचा अत्यल्प अंशही मिश्रणात पुरतो. माझ्या नाकाला त्यांच्यात चंदनाचा दुधाळपणा कमी आणि धातूसारखी चकाकी अधिक जाणवते, पण चांगल्या मिश्रणात थोडे अस्सल तेल घालून ही उणीव झाकता येते.

तुमचा आणि पत्नीचा मतभेद याच रेणूंमुळे असू शकतो. एरवी नाक उत्तम असूनही काही विशिष्ट रेणूंचा वास न येणे हे अनेकांच्या बाबतीत आढळते, आणि चंदनगंधाचे जड रेणू त्यासाठी प्रसिद्ध आहेत. एखादा रेणू तुम्हांला जाणवत नाही आणि पत्नीला पुरेपूर जाणवतो, असे असेल तर मापाचा अधिकार तिच्याकडे द्यावा. स्वतःला वास येत नाही म्हणून आणखी दोन फवारे मारणाऱ्या गृहस्थांबरोबर लिफ्टमधून जाण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

दोघांना मान्य होईल असे हवे असल्यास चंदनावर ओढलेले गुलाबाचे किंवा वाळ्याचे अत्तर पाहावे. कन्नौजमध्ये तांब्याच्या डेगेत फुले उकळून त्यांची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातील चंदनतेलात उतरवतात. गुलाब दुपारपर्यंत ओसरतो आणि खाली चंदन उरते. मात्र तिथेही आता बऱ्याचदा चंदनाऐवजी पॅराफिन वापरतात, म्हणून ‘कशावर ओढले आहे’ हा प्रश्न दुकानात अवश्य विचारावा. मोहम्मद अली मार्गावरील अत्तरवाल्यांना हा प्रश्न नवा नाही, आणि किमतीतील फरकावरूनही बरेच कळते.

प्रश्न : अत्तराऐवजी उगाळलेले चंदनच अंगाला लावले तर टिकेल का? रक्तचंदन चालेल का? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी होते त्या गावातून हा प्रश्न आला, याचा आनंद वाटला. उगाळलेल्या गंधात लाकडाचे बारीक कण पाण्यात असतात आणि त्यांच्यातील तेल हळूहळू सुटते. ओला लेप थंडावा देतो, पण वाळून गळून पडला की बरेचसे चंदन त्याच्याबरोबर जाते, त्यामुळे दोन-तीन तासांपलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. उगाळताना पाणी अगदी कमी घ्यावे. गंध दाट राहते आणि अधिक काळ टिकते. खोड घेताना कापलेली बाजू सहाणेवर थोडी घासून वास घ्यावा, कारण साध्या लाकडावर वरवर तेल चोळून विकलेली खोडेही बाजारात असतात आणि त्यांचा वास दोन-चार वेळा उगाळल्यावर संपतो. रक्तचंदन हे वेगळ्याच कुळातील झाड आहे. त्याचा उपयोग रंगासाठी व लेपासाठी होतो, सुगंध त्याला जवळजवळ नसतोच.